आप्पांचा बेणेमळा आणि सुजाताची कंपनी

कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात दोन गोष्टी कायम साचत जातात. एक म्हणजे लोक ठेवून जातात आणि परत न्यायला येत नाहीत ते कीबोर्ड, आणि दुसरी म्हणजे किस्से. कीबोर्ड मी अधूनमधून भंगारात घालतो. किस्से मात्र भंगारवालाही घेत नाही! मग तुमच्यासारखं कुणी निवांत बसलेलं सापडलं की मी एकेक बाहेर काढतो.

माझं दुकान शिरूरला, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. आमचा कंपू चौघांचा. मी दिलीप. बंडू निमोण्याचा, एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरला असतो. सुजाता दौंडची. आम्ही तिघं डिप्लोमाला एका वर्गात होतो. आणि चौथे माझे चुलते, वडगाव रासाईचे आप्पा. आप्पा ऊस लावतात, पांढरी टोपी घालतात आणि अलीकडे फेसबुकवर भांडतात.

भांडण एकाच विषयावर. सुजाता कॉम्प्युटर बनवणाऱ्या एका कंपनीत आर अँड डीला आहे, म्हणजे संशोधन विभागात. त्या कंपनीनं संशोधनावर पैसा घालावा की घालू नये, हा तो विषय. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. सुजाताच सांगत नाही, तर मी कोण सांगणारा!

• • •

आमचं स्वतःचं संशोधन झालं ते डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी. प्रोजेक्ट असा होता की शेतकऱ्यानं घरून मिस्ड कॉल द्यायचा आणि नदीवरची मोटार सुरू व्हायची. लाईट वेळी-अवेळी येते, तेव्हा अंधारात शेतात पळायला नको. कल्पना सुजाताची, जोडणी माझी, आणि बंडूचं काम मिस्ड कॉल द्यायचं.

प्रयोगाला मोटार आप्पांची. भीमेच्या काठावर सगळं जोडलं. बंडूनं मिस्ड कॉल दिला, मोटार चालू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत मोटारीतून धूर निघाला!

आप्पा बांधावरून येताना दिसले तसा बंडू सायकलवर बसून थेट न्हावऱ्याच्या रस्त्याला लागला. मी मान खाली घालून उभा. सुजाता रडकुंडीला आलेली.

आप्पांनी मोटारीला हात लावून बघितला, भाजला, झटकला. मग सुजाताला म्हणाले, "पोरी, मोटार जळाली ते दिसतंय मला. नवीन काय कळलं ते सांग."

सुजातानं डोळे पुसले. "आप्पा, विजेच्या तीनपैकी एक फेज गेली तर मोटार आपोआप बंद पडायला पाहिजे. ते आम्ही केलंच नव्हतं. आता कळलं."

"मग मोटार कामाला आली म्हणायची," आप्पा म्हणाले. "चला, जेवून जावा. आन् त्या बंड्याला बोलवा, उपाशी पळालंय ते."

त्या दिवसापासून सुजाता आप्पांची लाडकी. मोटारीचं जळालेलं वाइंडिंग परत भरून आणायला मात्र मला पाठवलं!

• • •

सुजाताला नोकरी लागली, तेव्हा आप्पा पेढे घेऊन दुकानात आले. पेढे ठेवले आणि विचारलं, "दिल्या, त्या कंपनीचा सभासद कसं व्हायचं?"

आमच्याकडे माणूस साखर कारखान्याचा सभासद असतो, दूध संस्थेचा असतो, सोसायटीचा असतो. कंपनीचाही सभासदच असणार, असा आप्पांचा हिशोब. मी डीमॅट खातं उघडून दिलं, थोडे शेअर घेऊन दिले. आप्पांनी शेअरचं सर्टिफिकेट मागितलं. मी सांगितलं की कागद नसतो, सगळं मोबाईलमध्ये असतं. आप्पांना ते काही पटलं नाही. मग मी स्क्रीनशॉट काढून, प्रिंट मारून, फ्रेम करून दिला. तो आजही त्यांच्या पडवीत लावलेला आहे.

दिवाळी जवळ आली तसा फोन आला. "दिल्या, कंपनीचा काय निरोप?"

"कसला निरोप?"

"अरं, कारखाना सभासदाला दिवाळीला सवलतीत साखर देतो. ही कंपनी सभासदाला सवलतीत कॉम्प्युटर देत न्हाई व्हय?"

मी नाही म्हटलं. आप्पा म्हणाले, "मग निदान माऊस तरी?"

• • •

आता आप्पांची एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही.

साखर कारखान्याची वार्षिक सभा तुम्ही पाहिलीय का? मोठा मांडव, खुर्च्या, मागं जेवणाचा वास. स्टेजवरून विषय वाचायला सुरुवात होते आणि वाक्य पुरं व्हायच्या आत पुढच्या रांगांतून आरोळी उठते, "मंजूर! मंजूर!" विषय काय होता हे ओरडणाऱ्यालाही माहीत नसतं. कुठला कारखाना ते विचारू नका, सभा ही अशीच असते.

त्या आरोळीत मागच्या रांगेतून एकच माणूस उठायचा. "नामंजूर! आधी सांगा, नवीन काय केलं?"

ते आप्पा. दर सभेला तोच प्रश्न. उसाची नवीन जात आणली का? एखादं नवीन यंत्र? शेतकऱ्याला शिकवायला एखादा माणूस नेमला का? नवीन काय केलं? आणि दर सभेला कुणीतरी त्यांच्या हातातला माईक काढून घ्यायचं, नाहीतर स्पीकरवाला बटण बंद करायचा.

एका वर्षी तर आप्पा उठताना दिसले आणि स्टेजवरून थेट राष्ट्रगीतच सुरू केलं! आप्पा सावधानमध्ये उभे राहिले. राष्ट्रगीत संपेपर्यंत हलले नाहीत. तोवर स्टेजवरचे लोक उतरून गेले आणि बाकीचे जेवायला बसले.

आप्पा रिकाम्या स्टेजपाशी गेले. तिथं एक कारकून टेबलावरचं कापड गुंडाळत होता. त्याला म्हणाले, "माझं नामंजूर रेकॉर्डवर घ्या."

"आप्पा, सभा संपली."

"प्रश्न कुठं संपलाय?"

आप्पांना पद नको होतं. कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेलचं तिकीट घरी चालून आलं होतं, तेही त्यांनी घेतलं नाही. भरल्या सभेत कुणीतरी या एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्यावं, एवढीच त्यांची मागणी. ती कधी पुरी झाली नाही. मी लहानपणापासून हे बघत आलोय आणि मला त्या माणसाचा फार अभिमान वाटतो, ते इथंच सांगून टाकतो.

• • •

तर मग फेसबुक. सुजाताच्या कंपनीनं जाहीर केलं की यंदा डिव्हिडंड, म्हणजे भागधारकांचा नफ्यातला वाटा, कमी, कारण जास्त पैसा संशोधनात घालतोय. मराठी भागधारकांचा फेसबुकवर एक ग्रुप आहे, तिथं नुसता जाळ झाला. सगळ्यांत पुढं 'मार्केटचा वाघ' नावाचा एक गडी. त्यानं लिहिलं, "आर अँड डी म्हणजे एसीत बसून बिस्किटं खायची! हा विभागच बंद करा आणि आमचा डिव्हिडंड द्या. येत्या सभेत सगळ्यांनी विरोधात मतदान करा."

विभाग बंद करा म्हणजे सुजाता घरी. बंडू पेटला! जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा सोडून तो वाघाला उत्तरं लिहायला लागला. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या संशोधनावर किती खर्च करतात, त्याचे तक्ते टाकायचा. वाघ त्याच्याखाली फक्त हसणारा चेहरा टाकायचा. बंडूचा रक्तदाब त्या एका चेहऱ्यानं वाढला.

आप्पा एक दिवस दुकानात बसून सगळं वाचत होते. मला म्हणाले, "मी बोलतो, तू लिही." आणि बोलले ते असं.

"उसाचा शेतकरी रानाचा एक तुकडा बेणेमळा म्हणून राखतो. त्यातला ऊस गाळपाला धाडायचा न्हाई. पुढच्या लागणीचं बेणं त्यातनं निघतं. त्याला खत जास्त, पाणी जास्त, आन् त्याचं बिल येत न्हाई. घरात कितीबी नड असू द्या, बेणेमळा कारखान्याला घालायचा नसतो. आर अँड डी हा कंपनीचा बेणेमळा हाय. वाघानं तो खाऊ नये."

पोस्ट टाकली आणि ग्रुप अर्धा दिवस चिडीचूप. मग एकानं लिहिलं, "काका, हे शेत नाही, मार्केट आहे. इथं भाव वर-खाली होतात. तुम्हाला नाही समजणार."

आप्पांनी मला लिहायला लावलं, "आमी कांदा लावतो."

त्यावर शंभरावर लाईक आले. बंडूच्या तक्त्यांना एकूण तीन आले होते, त्यातला एक माझा होता.

• • •

या सगळ्या भांडणात सुजाताचा शब्द नाही. कंपनीचा नियमच आहे, कामाबद्दल ऑनलाइन बोलायचं नाही. बंडू आमच्या व्हॉट्सअॅपवर रोज लिहायचा, "सुजाता, तुम्ही काय बनवता ते एकदा सांग, या वाघाची बोलती बंद करतो." सुजाताकडून फक्त हात जोडलेलं चित्र यायचं.

एका रविवारी बंडू आणि मी दौंडला तिच्या घरी गेलो. सुजाता बंगळुरात, घरी तिचे वडील. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामा रेल्वेत इंजिन चालवायचे, आता रिटायर. "जय भीम, या या," म्हणत त्यांनी आत घेतलं, चहा टाकला.

बंडूनं हळूच विषय काढला. "मामा, सुजाता तिकडं नेमकं काय बनवती?"

मामा म्हणाले, "मला तरी कुठं ठाव हाय? फोनवर इचारलं तर म्हणती, बाबा, कॉन्फिडेन्शियल. इंजिन चालवायचो तवा ही पोरगी स्टेशनात उभी राहून हात हलवायची. माझं काम तिला दिसायचं तरी! हिचं मला दिसतबी न्हाई."

थोडं वाईट वाटलं. पण मामा लगेच सरसावून बसले. "शेजारचे इचारतात की पोरगी काय करती. मी सांगतो, तिचं काम इतकं मोठं हाय, की बापालाबी सांगता येत न्हाई!"

परतीच्या रस्त्यात बंडू म्हणाला, "दिल्या, आपल्या स्टोअरमधलं काम मी सगळ्यांना सांगत फिरतो. इथून पुढं कॉन्फिडेन्शियल म्हणणार."

• • •

एका बाजारच्या दिवशी इनामगावचे नाना लॅपटॉप घेऊन आले. नानांचं खतं-बियाण्यांचं दुकान, माणूस भारदस्त. "दिलीपराव, कीबोर्ड निम्मा चालतोय. तातडीनं करा. एका येड्याला उत्तर द्यायचं राहिलंय दोन दिवस."

शेजारच्या स्टुलावर बंडू मोबाईल घेऊन बसला होता. मला म्हणाला, "दिल्या, तो वाघ दोन दिवस गप्प कसा रं? घाबरला वाटतं."

माझ्या काही लक्षात आलं नाही. मी कीबोर्ड बदलला, लॅपटॉप नानांपुढं सरकवला, म्हटलं टाईप करून बघा. नानांनी फेसबुक उघडलं आणि बोटं आपटायला सुरुवात केली. एंटर दाबलं.

बंडूच्या मोबाईलवर टिंग वाजलं.

"आला!" बंडू म्हणाला आणि भराभरा टाईप करायला लागला. लॅपटॉपवर टिंग वाजलं.

"आलंच हे!" नाना म्हणाले.

टिंग. टिंग. मी मधोमध उभा. तोंडावर हात धरून हसू दाबत होतो. दोघं एकमेकांना बुद्धू, बिनडोक, विकलेला असं काय काय लिहीत होते, आणि मधेच नाना बंडूला म्हणाले, "पाव्हणं, जरा सरका, कोपर लागतंय." बंडूही अदबीनं सरकला!

तेवढ्यात आप्पा आले. त्यांनी एकदा लॅपटॉपमध्ये डोकावलं, एकदा मोबाईलमध्ये. "एका बाकावर बसून भांडताय, तर तोंडानं भांडा की! नेट कशाला जाळताय?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दुकानात एवढी शांतता मी फक्त लाईट गेल्यावर ऐकलीय.

आप्पांनी नानांची चौकशी केली. कुठले, काय करता. आणि दुकान कशाचं ते कळल्यावर म्हणाले, "बियाणं इकता आन् बेणेमळ्याला नावं ठेवता?"

नाना चमकले. "बेणेमळ्याची पोस्ट तुमची व्हय आप्पा? तिला झाडायचं म्हणून मी दोनदा बसलो. काय लिहावं तेच सुचलं न्हाई."

त्या दिवसापासून नाना आमच्याकडे चहाला यायला लागले. भांडण मात्र सोडलं नाही. म्हणाले, "चहा येगळा, डिव्हिडंड येगळा. काय नवीन केलंय ते दाखवा, मग बघू."

• • •

ते माझ्या डोक्यात बसलं. काय नवीन केलंय ते दाखवा.

माझ्याकडे रिपेअरला येतात त्यातली निम्मी मशीनं धुळीनं बंद पडलेली असतात. पिठाच्या गिरणीतल्या कॉम्प्युटरमध्ये चपात्या होतील एवढं पीठ निघतं. कांद्याच्या आडत्याचा पीसी उघडला तर आत पंख्याला कांद्याची सालं गुंडाळलेली. त्याच आडत्यानं मग सुजाताच्या कंपनीचं नवीन मॉडेल घेतलं. ते सर्व्हिसिंगला आलं तेव्हा बघितलं, तर आतला पंखा कोरा करकरीत! पंख्याच्या तोंडाला एक जाळी बसवलेली, सगळी सालं आणि धूळ तिथंच अडकलेली. जाळी काढायला एकही स्क्रू नाही.

मी जुनं आणि नवं मॉडेल शेजारी ठेवून व्हिडिओ केला. जाळी काढली, नळाखाली धुतली, परत बसवली, मशीन सुरू. ग्रुपवर टाकला. म्हटलं, हे बघा संशोधन!

पहिली कमेंट आली, "पेड प्रमोशन." मी उत्तर दिलं, "पैसे कुठं मिळतात तेवढं सांगा, मी येतो."

संध्याकाळी सुजाताचा फोन. तब्येत, घरचं, पाऊस-पाणी, सगळं बोलून झालं आणि मग म्हणाली, "दिल्या, ती जाळी काढताना तू नख घालून उचकटलीस. तशी नाही काढायची. डाव्या कोपऱ्यात अंगठ्यानं दाबायचं, आपोआप हातात येते."

मी दाबून बघितलं. जाळी आली हातात.

"सुजे, तुला कसं माहीत?"

पलीकडून मग हळूच, "कॉन्फिडेन्शियल."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ ती जाळी हातात धरून बसलो. आप्पांची मोटार जाळणारी आमची सुजाता! आणि सांगायचं कुणाला? बंडूला सांगितलं असतं तर निमोणेभर झालं असतं. पोटात ठेवलं. वाघ पुढ्यात बसून चहात बिस्कीट बुडवत "एसीत बसून बिस्किटं" म्हणायचा, आणि मी जीभ चावून गप्प बसायचो.

• • •

शेवटी कंपनीची वार्षिक सभा आली. ती ऑनलाइन असते. भागधारकाला बोलायचं असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. आप्पांनी नोंदवायला लावलं, आणि नंबर लागला!

मी म्हटलं, दुकानात बसा, लॅपटॉप लावून देतो. आप्पा म्हणाले, "सभा हाय. मांडव पायजे."

वडगाव रासाईत आप्पांच्या अंगणात मांडव पडला. खुर्च्या, मोठा टीव्ही, बुंदी, चहा. अर्धं गाव आलं. दौंडहून मामा आले, इस्त्रीचा शर्ट घालून. इनामगावहून नाना आले आणि हाताची घडी घालून पहिल्या रांगेत बसले. मतदान मोबाईलवरून आधीच होऊन गेलं होतं, तरी बाहेर कुणीतरी विचारत होतं, "पॅनेल कुणाचं हाय?"

बंडूनं आप्पांकडून एक हिंदी वाक्य पाठ करून घेतलं होतं. तिकडचे लोक मराठी समजणार नाहीत म्हणून. आप्पा सकाळपासून ते पुटपुटत होते. पण त्यांची काळजी वेगळीच होती. दर थोड्या वेळानं मला विचारायचे, "दिल्या, माईक बंद तर करणार न्हाईत ना?"

मी नाही म्हणायचो. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती.

सभा सुरू झाली. अध्यक्ष इंग्रजीत बोलले. मागं हॉलमध्ये कंपनीची माणसं बसलेली दिसत होती. मग भागधारक एकेक करून बोलले. कुणी अभिनंदन केलं, कुणी डिव्हिडंडवरून कुरकुर केली, एक जण संशोधन विभाग बंद करा असंही म्हणाला. सभा चालवणारी बाई वेळ झाली की प्रत्येकाचा आवाज बंद करत होती. ते बघून आप्पांचा चेहरा उतरला.

आप्पांचं नाव पुकारलं. ते उठले. टोपी सारखी केली. समोर बसायचं सोडून ते उभेच राहिले, त्यामुळे कॅमेऱ्यात फक्त त्यांचा सदरा दिसत होता. बंडूनं धावत जाऊन लॅपटॉप वर उचलून धरला.

आणि आप्पा हिंदी विसरले. सगळी सभा समोर बघितली आणि त्यांच्या तोंडून तेच निघालं, जे आयुष्यभर निघत होतं.

"अध्यक्षसाहेब, मी वडगाव रासाईचा सभासद. माझा एकच प्रश्न हाय. नवीन काय केलं?"

तिकडे अध्यक्षांनी शेजारच्याकडं बघितलं, त्यानं पलीकडच्याकडं. मांडवात कुणी हलेना. आप्पांची नजर माझ्याकडं वळली. ती नजर मला ओळखीची होती. मांडव रिकामा झाल्यावर कारकुनासमोर उभे होते, तेव्हाची.

मग अध्यक्ष हॉलकडं वळून इंग्रजीत म्हणाले, "हे मराठी असावं. आपल्यात मराठी येणारं कुणी आहे का? या भागधारकांना उत्तर मिळायला हवं."

हॉलच्या मागच्या रांगेतून एक हात वर झाला.

मामा खुर्चीतून उठून उभे राहिले.

सुजाता पुढं आली. माईक हातात घेतला, अध्यक्षांना प्रश्न इंग्रजीत समजावून सांगितला आणि विचारलं, "सर, उत्तर देऊ? जाळीबद्दल बोललं तर चालेल ना?" अध्यक्षांनी मान हलवली.

"आप्पा, नमस्कार. मी सुजाता, दौंडची," ती म्हणाली. "नवीन काय केलं विचारलंत. धूळ अडवली, आप्पा. गिरणीत, बाजार समितीत, उसाच्या काट्यावर मशीनं धुळीनं मरायची. आम्ही एक जाळी केली. अंगठ्यानं दाबली की निघते, धुवायची, परत लावायची. पहिल्या कितीतरी जाळ्या फसल्या. कुठं फसल्या ते आम्ही शिकलो, म्हणून ही टिकली. आता मशीन उन्हात तापू नये म्हणून काम चाललंय. ते मात्र अजून सांगता येत नाही."

"कॉन्फिडेन्शियल!" मामा ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

आप्पा तसेच उभे. उत्तर मिळाल्यावर पुढं काय करायचं असतं, याची त्यांना सवयच नव्हती. सभा चालवणारी बाई म्हणाली, "थँक यू सर, नेक्स्ट स्पीकर..."

"थांबा!" आप्पा म्हणाले.

बाई थांबली.

आप्पांनी घसा साफ केला. हात वर केला. आणि ज्या माणसाच्या तोंडून मी उभ्या जन्मात कुठल्याही सभेत हा शब्द ऐकला नव्हता, तो माणूस म्हणाला, "मंजूर!"

मांडव थक्क झाला. मग पहिल्या रांगेत हाताची घडी सुटली आणि नाना गरजले, "मंजूर!" आणि मग काय, सगळा मांडव उठला. मंजूर! मंजूर! बंडूच्या हातातला लॅपटॉप थरथरायला लागला.

तिकडे अध्यक्ष चष्मा काढून स्क्रीनकडं बघत राहिले. सुजाताला विचारलं, "ही माणसं काय म्हणतायत?"

सुजातानं ओढणीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "सर, प्लीज, हे रेकॉर्डवर घ्या."